स्तनविकार केंद्र : डॉक्टर उत्तम, काउंटर बेफिकीर

धाकट्या जावेच्या उजव्या स्तनात बोराएवढी, बोटाखाली सरकणारी गाठ हाताला लागली म्हणून गेल्या महिन्यात तिला पुण्यातील एका खासगी स्तनविकार केंद्रात घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला बसवून व झोपवून दोन्ही स्तन आणि काखा तपासल्या. तिचे वय २८ असल्याने मॅमोग्राफीऐवजी (स्तनाच्या एक्स-रेऐवजी) आधी सोनोग्राफी केली आणि तरुण वयात स्तनातील ऊती दाट असल्यामुळे मॅमोग्राममध्ये गाठ झाकली जाऊ शकते, हे कारणही नीट समजावून सांगितले. अहवालात ‘बायरॅड्स ३’ (गाठ किती संशयास्पद आहे हे सांगणारी श्रेणी) आले. या श्रेणीत कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते आणि बहुधा ६ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करणे पुरते. तरीही तिच्या जिवाला लागलेला घोर पाहून त्यांनी कोअर बायोप्सीचा, म्हणजे जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा, पर्याय दिला व तिने तो स्वीकारला. जागा बधिर केल्यावर, सुईच्या उपकरणाचा स्टेपलरसारखा ‘खट्’ आवाज त्यांनी आधी हवेत वाजवून दाखवला, त्यामुळे ती दचकली नाही. निदान फायब्रोअॅडिनोमाचे, म्हणजे साध्या गाठीचे आले. शस्त्रक्रियेची भीती कोणी घातली नाही, हे विशेष.

काउंटरची मात्र तऱ्हा निराळी. ४ दिवसांत मिळणारा अहवाल नवव्या दिवशी हाती आला, आणि तोही भरल्या दालनात तिचे नाव व ‘स्तनाची गाठ’ असा पुकारा करून.