कराडहून परतीची गाडी : एसटी, वडाप आणि विजेची स्कूटर, दहा महिन्यांच्या वापरानंतर

आईच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आणि गेल्या जूनमध्ये मी पुण्यातील नोकरी मुदतीआधीच सोडून गावी राहायला आले. आमची वाडी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, ढेबेवाडीपासून सहा किलोमीटर वर, चाळीस-बेचाळीस उंबऱ्यांची आहे. तेथून कराड चौतीस किलोमीटर पडते. दवाखाना, व्यायाम करून घेणारे डॉक्टर, बँकेची मोठी शाखा, गुडघ्याचा पट्टा मिळणारे दुकान हे सगळे कराडला असल्याने या दहा महिन्यांत कधी आम्ही दोघींनी, कधी मी एकटीने मिळून कराडच्या सत्तरहून अधिक फेऱ्या झाल्या. घरी चारचाकी नाही आणि मला ती चालवताही येत नाही. त्यामुळे रस्त्यावर जे मिळेल ते वापरले आणि दिवाळीआधी, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, एक विजेची स्कूटरही घेतली. पावसाळा, उसाचा हंगाम आणि आता चैत्रातील यात्रा असे तिन्ही काळ पाहून झाल्यावरच हे लिहिते आहे.

येण्यापूर्वी मी जो हिशेब मांडला होता तो भाड्याचा आणि वेळेचा होता, आणि तो पहिल्या पंधरवड्यातच निकालात निघाला. वाडीवरून सकाळी कराडला जायला अडचण अशी कधीच आली नाही. एसटी आहे, वडाप म्हणजे सीटवर भाडे घेणारी खासगी जीप आहे, दुधाची गाडी आहे, कोणी ना कोणी पोहोचवतोच. कराड ते ढेबेवाडी हा अठ्ठावीस किलोमीटरचा टप्पाही दोन्ही बाजूंनी सोपा आहे, कारण त्या रस्त्यावर दिवसभर काहीतरी चालू असते. सगळी कसोटी लागते ती ढेबेवाडीपासून वरच्या सहा किलोमीटरना, तीही दुपारी चारनंतर. त्यामुळे कोणत्याही वाहनाविषयी मी आता पहिला प्रश्न एवढाच विचारते, की हे मला संध्याकाळी घरी आणून सोडेल का.

एसटीपासून सुरुवात करते, कारण पैशांच्या दृष्टीने तिला तोड नाही. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत असल्याने ती आधारकार्ड दाखवून शून्य रकमेचे तिकीट घेते. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट लागते, ते मला लागू होते. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाल्यानंतरही सहा टप्प्यांच्या या प्रवासाला आम्हा दोघींचे मिळून जाता-येता साधारण साठ रुपये होतात. याच प्रवासाला वडापने वाडी ते ढेबेवाडी वीस आणि पुढे कराडपर्यंत पन्नास अशा हिशेबाने दोघींचे दोनशे ऐंशी रुपये होतात. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी जावे लागे, तेव्हा हा फरक महिन्याला सतराशे रुपयांच्या घरात जात होता. पेन्शन सुरू व्हायची असताना ही रक्कम लहान नव्हती.

आमच्याकडे मुक्कामी गाडी आहे. ती रात्री आठच्या सुमारास येते, चालक आणि वाहक देवळाशेजारच्या समाजमंदिरात झोपतात आणि सकाळी सव्वासहाला तीच गाडी परत निघते. जेवणाची पाळी घरोघर ठरलेली आहे असे नाही, पण कोणाच्या तरी घरून भाकरी-कालवणाचा डबा जातोच, आणि थंडीत अंघोळीला गरम पाण्याची बादलीही जाते. त्याच्या बदल्यात म्हणा किंवा सवयीने म्हणा, सकाळी गाडी सुरू करून ठेवल्यावर वाहक एकदा चढावरच्या आमच्या घराकडे पाहतो आणि “आजी निघाल्या का?” अशी हाक मारतो. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी आई पहिल्यांदा एसटीत चढली, तेव्हा अडचण आली ती पायरीची. साध्या गाडीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच असते की वाकवता न येणारा गुडघा घेऊन चढणे म्हणजे दोघांनी मिळून उचलणे. आता गाडी उताराकडे तोंड करून ओट्याला लावतात आणि आई ओट्यावरून सरळ पायरीवर पाय ठेवते. ही युक्ती वाहकाचीच. मात्र कराडच्या स्थानकात असा ओटा नाही, तेथे मी घरून नेलेला प्लॅस्टिकचा पाट उपयोगी पडतो, आणि तो काखेत घेऊन दिवसभर फिरावे लागते याची आता लाज वाटेनाशी झाली आहे.

सुट्ट्या पैशांची जुनी कुरबुर तिकीट यंत्रावरच्या क्यूआरमुळे बरीच मिटली आहे. आमच्या घाटात फोनला रेंज नसल्याने मी तरी पाच-दहाच्या नोटा वेगळ्या बांधून ठेवते.

एसटीची मर्यादा अशी, की थेट वाडीवर येणारी परतीची गाडी संध्याकाळचीच आहे. दवाखान्यातले काम एक वाजता आटोपले तर पाच तास बसून काढायचे, आणि गुडघ्याच्या रुग्णाला पाच तास बाकावर बसवणे म्हणजे सकाळचा व्यायाम वाया घालवणे. ढेबेवाडीपर्यंत आधीच्या एसटीने यावे आणि तेथून वर वडाप धरावे, असा मधला मार्ग आम्ही बहुतेक वेळा काढला. जुलैमध्ये ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी गेले, तेव्हा चार दिवस वाडीपर्यंत कोणतेच मोठे वाहन येऊ शकले नाही. त्यात दोष कोणाला द्यायचा असेल तर तो पुलाच्या उंचीला द्यावा लागेल.

आता वडाप. साताऱ्या-सांगलीकडच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच, की सीट भरल्यावर सुटणारी, हात केला तेथे थांबणारी ही खासगी जीप असते. पूर्वी ट्रॅक्स आणि कमांडर असत, आता इको आणि बोलेरो जास्त दिसतात. ढेबेवाडीत गाड्यांचा नंबर लागलेला असतो. पुढची भरून निघाल्याशिवाय मागच्या गाडीवाल्याने माणूस घ्यायचा नाही हा नियम कोठेही लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही. वेळापत्रक नसल्याने शहरातून आलेल्या माणसाला प्रथम फार चिडचिड होते. “ताई, दोन सीटं भरू द्या, लगेच काढतो,” हे वाक्य ऐकून मी कधी दहा मिनिटांत निघाले आहे, तर कधी पाऊण तास उन्हात बसले आहे. काही आठवड्यांनी लक्षात आले की यालाही एक चाल आहे. बाजाराच्या दिवशी अकरापर्यंत गाड्या खाली येताना भरलेल्या आणि वर जाताना रिकाम्या असतात, दोननंतर नेमके उलटे होते. शाळा सुटल्यावर पोरांची गर्दी येते. आणि शेवटची गाडी घड्याळावर सुटत नाही, माणसांवर सुटते. वरच्या वाड्यांतले कोण खाली गेले आहे हे चालकाच्या डोक्यात असते. कराडला अडकल्यावर मी फोन केला, तर तो “तुम्ही ढेबेवाडी धरा, मी हाय,” एवढेच बोलतो. दहा महिन्यांत या शब्दावर मी सतरा-अठरा वेळा विसंबले आणि दोनच वेळा फसले. दोन्ही वेळा गाडी बिघडली होती आणि त्याने आपल्या चुलतभावाला मोटारसायकल देऊन पाठवले होते.

भाड्यापलीकडे हा माणूस जी कामे करतो त्यांचा दर कोठेच लावलेला नसतो. औषधाच्या दुकानात मी फोनवर नाव सांगितले की पुडके संध्याकाळी घरपोच येते. गॅसची टाकी, गिरणीवरचे पीठ, पोरांचे विसरलेले डबे, एकदा तर शेजारच्यांची आजारी शेळीही मागच्या सीटखाली पाय बांधून गेलेली मी पाहिली आहे. आईला तो “मावशी” म्हणतो आणि पुढची सीट तिच्यासाठी धरतो. एकाच्या जागी दोघे बसवता येतात तेथे तिला एकटीला बसवतो आणि त्या दुसऱ्या सीटचे पैसे मी दिले तर नाराज होतो, न दिले तर मला चैन पडत नाही. शेवटी दिवाळीला त्याच्या मुलीला कपडे घेऊन तो हिशेब मी माझ्यापुरता मिटवला.

हे सगळे खरे असले तरी वडापविषयी जे टोचते तेही लिहायला हवे. नऊ जणांच्या गाडीत चौदा बसतात. “मागं सरका, अजून एक बसतंय,” हे ऐकल्यावर बसायला जागा नसते, पण बसावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ हा टप्प्याटप्प्याने स्वतंत्र भाडे घेऊन माणसे चढवणारी-उतरवणारी वाहतूक आणि संपूर्ण गाडी एका करारावर नेणारी वाहतूक यांत स्पष्ट फरक करतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या परवान्यावर पहिले काम करणे त्यात बसत नाही. अपघात झाला तर विमा मंजूर आसनसंख्येच्या हिशेबाने पाहिला जातो; दहाव्या प्रवाशापासून पुढे कोण कोणाचा, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. मी हे चालकाला एकदा विचारले. तो म्हणाला, “नऊच घेतली तर डिझेल निघतं, हप्ता निघत न्हाई.” याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र टपावर माणसे बसलेल्या गाडीत मी चढत नाही, आणि पावसात घाटात तर दहाव्या सीटवरही नाही. हा नियम पाळल्यामुळे माझ्या तीन संध्याकाळी ढेबेवाडीत चहाच्या टपरीवर गेल्या.

स्कूटर घेण्याचे कारण त्या तीन संध्याकाळींतच आहे. परतीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायला नको, एवढाच विचार होता. कंपनीचे नाव देत नाही. एका चार्जमध्ये एकशे वीस किलोमीटर जाईल असे विक्रेत्याने सांगितले होते. आमच्या रस्त्यावर मला पंच्याऐंशीच्या वर एकदाही मिळाले नाहीत, आणि थंडीत तर पंचाहत्तर. कराडची जाऊन-येऊन अडुसष्ट किलोमीटरची फेरी एकटीने होते, पण शेवटच्या सहा किलोमीटरच्या चढावर काटा वीस टक्क्यांवरून ज्या वेगाने उतरतो तो पाहवत नाही. उतारावर ब्रेक लावताना थोडा चार्ज परत येतो, तो मनाला बरे वाटण्यापुरता. खर्च मात्र खरोखर कमी आहे. पूर्ण चार्जला साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे तीस-पस्तीस रुपये. साडेसहा महिन्यांत एकतीसशे किलोमीटर झाले.

घेण्याआधी कोणी सांगितले नाही ते सांगते. चार्जरला सोळा अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग लागते. आमच्या जुन्या घरात ओसरीवर पाच अँपिअरचा पॉइंट होता, तो दुसऱ्याच दिवशी हाताला चटका बसण्याइतका तापला. वायरमन बोलावून मीटरपासून वेगळी वायर ओढायला बावीसशे रुपये गेले. वीज गेली की स्कूटर बसली, आणि अवकाळी पावसात आमच्याकडे वीज जाते तेव्हा तासांत मोजत नाहीत. साइड स्टँडचा सेन्सर जानेवारीत बिघडला, स्टँड वर असूनही गाडी सुरू होईना. दुरुस्तीचे ठिकाण कराडला. स्कूटर टेम्पोत घालून नेली आणि एवढ्याशा भागासाठी अकरा दिवस थांबले. साध्या पेट्रोलच्या गाडीला असे झाले असते तर ढेबेवाडीतल्या मेस्त्रीने तारेने बांधून दिले असते. लहान चाकांमुळे खडी उखडलेल्या जागी हँडल हातात राहत नाही. उसाच्या हंगामात, नोव्हेंबरपासून पुढे, दोन ट्रेलर जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागे संध्याकाळी अडकले की ओलांडायचे धाडस मी करत नाही, कारण मागच्या ट्रेलरला दिवा असेलच असे नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आई तिच्यावर बसू शकत नाही. जिच्यासाठी मी येथे आले तिच्या एकाही फेरीला ही स्कूटर उपयोगी पडली नाही. तरीही रेशन, बँक, ग्रामपंचायतीचे दाखले, ढेबेवाडीची किरकोळ कामे यांसाठी ती मला हवीच आहे. दुपारी निघून दिवसाउजेडी घरी येता येते.

फेब्रुवारीत एका रात्री साडेअकराला आईला धाप लागली. १०८ ला फोन केला, त्यांनी पत्ता विचारून गाडी लगेच निघत असल्याचे सांगितले. पण रात्री वरच्या वाडीचा फाटा अनोळखी चालकाला सापडणे अवघड असते. मुक्कामी एसटीचे चालक-वाहक जागे झाले, देवळापुढचा दिवा त्यांनी लावला. तेवढ्यात वडापवाला गाडी घेऊन दारात आला होता. त्याने आईला पुढच्या सीटवर रेलून बसवले, फाट्यापर्यंत उतरवले आणि रुग्णवाहिका तेथेच गाठली. धाप हृदयाची नव्हती, दोन दिवसांत आई घरी आली. त्या रात्रीचे पैसे त्याने आजपर्यंत घेतलेले नाहीत.

आता व्यायामाची फेरी पंधरा दिवसांतून एकदाच असते. आम्ही मुक्कामी गाडीने सव्वासहाला उतरतो, काम आटोपून दुपारच्या एसटीने ढेबेवाडीला येतो, आणि एसटी सुटण्यापूर्वी मी वडापवाल्याला फोन करून ठेवते. गेल्या आठवड्यात बनपुरीच्या नाईकबाच्या यात्रेमुळे सगळीच वडाप तिकडे गेली होती. आमचा चालक मात्र म्हणाला, “मावशींना वर सोडतो, मग यात्रा करतो.” आई रस्ताभर त्याला ओरडत होती, की देवाच्या दिवशी धंदा सोडून माझ्यामागे कशाला लागलास, आणि घराशी उतरल्यावर तिने त्याच्या हातात नारळासाठी पन्नास रुपये ठेवले, ते मात्र त्याने घेतले.