तळपायाची चामखीळ: मेडिकलमधली औषधं घरी वापरून पाहिली, त्याबद्दल

सॅलिसिलिक ॲसिड आणि लॅक्टिक ॲसिड असलेलं, ब्रशने लावायचं पातळ औषध. तळपायाच्या चामखिळीवर मी घरी जे जे वापरलं, त्यात हेच एक कामाचं निघालं. पट्ट्या, थेंब, फवारा आणि टेप यांवर पैसे गेले, पण दुखणं होतं तिथेच राहिलं. मात्र हे औषधही नुसतं लावून भागत नाही. कसं लावायचं आणि किती दिवस लावायचं, हे मेडिकलवाला बाटली हातात देताना सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची शेती समुद्रपूर तालुक्यात, जिल्हा वर्धा. कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. जमीन कन्हार. पाऊस पडून गेल्यावर त्या मातीत चप्पल चालत नाही, चिखलातच राहून जाते. डवऱ्यामागे, म्हणजे तण काढायच्या बैलांच्या अवजारामागे, अनवाणीच चालावं लागतं. उजव्या पायाच्या चवड्यावर, अंगठ्याच्या बुडाशी ही चामखीळ झाली आणि पाय टेकला की खडा रुतल्यासारखं व्हायला लागलं. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, एक ओळ संपेपर्यंत मी टाचेवर आलेलो असायचो. तसं चालून चालून आधी गुडघा धरला, मग कंबर. ज्याला हे झालेलं नाही त्याला एवढ्याशा गाठीचं काय एवढं, असं वाटतं. डवरणीच्या दिवसांत विचारा.

औषध घ्यायच्या आधी ती भोवरी (कुरूप) आहे की चामखीळ, हे पाहून घ्या. आमच्याकडे तळपायाला काहीही कडक झालं की भोवरी म्हणून मोकळे होतात आणि मग औषधही भोवरीचंच येतं. माझी मुलगी नागपूरला बी. फार्म. शिकते. ती सुट्टीत आली तेव्हा तिने पाय कोमट पाण्यात भिजवायला लावला, वरचं कातडं घासून काढलं आणि मोबाइलचा टॉर्च धरून पाहिलं. आत बारीक काळे ठिपके होते. मला इतके दिवस वाटत होतं की बाभळीच्या काट्याचं टोक मोडून राहिलं असेल. गावात कित्येक जण असे ठिपके सुईने कोरत बसतात. ते काटे नसतात. चामखिळीत बारीक रक्तवाहिन्या वर आलेल्या असतात, त्यांत रक्त गोठलं की ते काळे दिसतात. दुसरी खूण म्हणजे तळपायावरच्या रेषा. भोवरी असेल तर रेषा तिच्यावरून सरळ पुढे जातात, चामखिळीशी मात्र तुटतात आणि तिला वळसा घालतात. तिसरी गोष्ट दुखण्याची. भोवरी वरून दाबली की दुखते. चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरून दाबली की जास्त दुखते.

चामखीळ विषाणूमुळे होते. मानवी पॅपिलोमा विषाणू असं त्याचं नाव. ओल्या, भिजून मऊ पडलेल्या कातड्याला बारीकसा चिरा पडला की तो तिथून शिरतो. म्हणजे पावसाळ्यातला शेतकऱ्याचा पाय त्याला अगदी सोयीचा. लोक म्हणतात हिचं मूळ आत हाडापर्यंत जातं, मूळ काढल्याशिवाय ती जात नाही. तसं नाही. ती कातड्याच्या वरच्या थरातच असते. अंगाच्या वजनाने आत दाबली जाते म्हणून खोल वाटते. हे कळल्यावर ब्लेडने कोरून घेण्याचा विचार माझ्या डोक्यातून कायमचा गेला. कोरण्याने रक्त निघतं आणि विषाणू आजूबाजूला पसरतो.

आता एकेक वस्तू घेतो. सगळ्यात आधी कॉर्न कॅप, कारण तालुक्याच्या मेडिकलमध्ये पाय दाखवला की हीच हातात पडते. चिकटपट्टी, मधे नमद्याचं गोल कडं आणि कड्याच्या आत औषधाची टिकली. टिकलीत सॅलिसिलिक ॲसिड 40 टक्के असतं, म्हणजे चांगलंच जहाल. भोवरीवर ही बरी, कारण भोवरी म्हणजे नुसतं साचलेलं मेलेलं कातडं. माझ्या चामखिळीवर ती बसतच नव्हती. टिकली मोठी, चामखीळ लहान. दिवसभर चालून घाम आला की टिकली सरकायची आणि रात्री पट्टी काढावी तर भोवतालचं चांगलं कातडं पांढरं, फुगलेलं आणि चामखीळ जशीच्या तशी. टिकली कापून चामखिळीएवढी केली तेव्हा जरा बरं वाटलं, पण चवड्यावर ती टिकत नाही ते नाहीच. दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला कदाचित उपयोगी पडेल. शेतातल्या पायासाठी मी ती घ्यायला सांगणार नाही.

बिब्याचं सांगितलंच पाहिजे, कारण आमच्याकडे पायाच्या कुठल्याही दुखण्यावर आधी तोच निघतो. शेजारचे आबाजी रोज विचारायचे, "लावला का बिबा? लाव नं बापू, दोन दिसात गयून पडते." आबाजींबद्दल मला आदर आहे आणि भेगांवर बिब्याचं तेल लावून ज्यांचं निभलं असे लोकही गावात आहेत. पण बिबा उतला म्हणजे काय होतं, तेही मी जवळून पाहिलं आहे. गावातल्या एका बाईंच्या पायाला पाण्याने भरलेले फोड आले होते आणि खाज मांडीपर्यंत चढली होती. बिब्याच्या तेलात कातडी जाळणारं रसायन असतं. ते किती लावलं आणि कुठवर पसरलं यावर आपला काही ताबा राहत नाही. रुईच्या चिकाचंही तसंच. डोळ्याला लागला तर वेगळंच संकट. दोन्ही मी लावले नाहीत.

थुजाचे होमिओपॅथीचे थेंब एकाने आग्रहाने आणून दिले. पोटात घेतले, वरूनही लावले. माझ्या पायाला फरक पडला नाही, पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

गोठवायचा फवारा पुतण्याने पुण्याहून ऑनलाइन मागवून पाठवला. या सगळ्यांत महाग वस्तू हीच. डब्यात डायमिथाइल इथर आणि प्रोपेन असतो. तो स्पंजच्या काडीत भरायचा आणि काडी चामखिळीवर टेकवून धरायची. दवाखान्यात जे गोठवतात ते द्रव नायट्रोजनने, त्याचं तापमान उणे 196 अंश. गाय भरवायला येणारा डॉक्टर जो धूर निघणारा डबा घेऊन येतो, त्यात तोच नायट्रोजन असतो. घरच्या फवाऱ्याची थंडी त्याच्या जवळपासही जात नाही, आणि तळपायाचं कातडं तर अंगातलं सगळ्यात जाड. हाताच्या बोटावरच्या चामखिळीला हा फवारा लागू पडत असेलही. माझ्या पायाला चटका बसला, दुसऱ्या दिवशी वरचं कातडं पांढरं झालं, आठवड्याने ते निघालं आणि खाली चामखीळ होती तशीच. इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. गाईच्या डॉक्टरकडून वाटीभर नायट्रोजन घेऊन पायावर ओतायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती तिथेच सोडा. त्याने पाय खोलवर जळतो.

डक्ट टेपबद्दल मुलीने वाचलं होतं. 2002 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात टेप लावलेल्या 85 टक्के रुग्णांची चामखीळ गेली आणि त्यामुळे टेपचं नाव जगभर झालं. पुढच्या अभ्यासांत तेवढा गुण दिसला नाही. हार्डवेअरच्या दुकानातून मी रुंद चंदेरी टेप आणली. ओल्या मातीत ती दुपारपर्यंतही टिकत नव्हती. पण तिचा दुसरा उपयोग झाला, तो पुढे सांगतो.

आता ते पातळ औषध. काचेची छोटी बाटली, झाकणालाच आतून ब्रश. मी घेतली तेव्हा किंमत दोनशेच्या आत होती. वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. नावाच्या मागे लागू नका, बाटलीवरचा मजकूर वाचा. सॅलिसिलिक ॲसिड 16.7 टक्के, लॅक्टिक ॲसिड 16.7 टक्के आणि ते कोलोडियनमध्ये मिसळलेलं असावं. कोलोडियनला महत्त्व आहे. ते लावलं की त्यातला इथर आणि स्पिरिट उडून जातं आणि वर पातळ पापुद्रा राहतो. तो ॲसिडला जागेवर धरून ठेवतो, म्हणून कॉर्न कॅपसारखं हे सरकत नाही. हा पापुद्रा कशाचा, तर पायरॉक्सिलिनचा. कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडमध्ये मुरवून ते करत आले आहेत. मुलीने हे सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आपण पिकवतो त्याच कापसाचं हे रूप आपल्याच पायाच्या कामी येतं आहे.

पण याच कारणाने ते भयंकर पेट घेतं. चुलीजवळ, देवाच्या दिव्याजवळ किंवा बिडी ओढत ही बाटली उघडू नका. वीज गेली म्हणून चिमणीच्या उजेडात तर मुळीच लावू नका.

लावायची रीत अशी. रात्री जेवणं झाल्यावर घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं पाय भिजवायचा. मग वजरीने वरचं पांढरं, मऊ झालेलं कातडं घासून काढायचं, रक्त येईपर्यंत नाही. ही वजरी वेगळी ठेवायची. न्हाणीत घरच्या सगळ्यांसाठी जी असते ती वापरली तर घरभर चामखिळी होतील. टॉवेलही वेगळा. पाय पूर्ण कोरडा करायचा. चामखिळीभोवतीच्या चांगल्या कातड्याला व्हॅसलीनचं कडं करायचं आणि मग फक्त चामखिळीवर एक थेंब. वाळू द्यायचं, वर दुसरा थेंब. जरा चुणचुणतं, तेवढं चालायचंच. वाळल्यावर त्या चंदेरी टेपचा छोटा तुकडा वर लावून झोपायचं. तिचा उपयोग म्हणालो तो हा. सकाळी टेप काढली की पापुद्राही निघून येतो आणि पाय शेताला मोकळा होतो.

पहिले दोन-तीन आठवडे काही होत नाही. कातडं पांढरं होतं, निघतं, खाली पुन्हा तेच. बहुतेक लोक इथेच सोडतात आणि औषध खोटं म्हणतात. हे औषध चामखीळ एका झटक्यात जाळत नाही. मेलेल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटपणा ते सोडवतं आणि थरामागून थर काढतं, म्हणून रोजचं घासणं चुकवून चालत नाही. बारा आठवडे धरून चालायचं असं मुलीने आधीच बजावलं होतं. मी पोळ्याच्या सुमारास सुरुवात केली. मधे एकदा जागा लाल होऊन झोंबायला लागली तेव्हा थोडे दिवस थांबलो आणि बरं वाटल्यावर पुन्हा सुरू केलं. दसऱ्यापर्यंत काळे ठिपके वर येऊन एकेक करून निघून गेले. कापूस वेचायला लागलो तेव्हा दुखणं निम्म्यावर आलं होतं आणि दिवाळी झाल्यावर एका रात्री टॉर्चने पाहिलं तर तळपायाच्या रेषा त्या जागेवरून सरळ पलीकडे गेलेल्या दिसल्या. रेषा परत आल्या म्हणजे चामखीळ गेली. त्याआधी थांबायचं नाही, जरा शिल्लक राहिली तर ती पुन्हा वाढते.

सगळ्यांना असाच गुण येईल असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये तळपायाला चामखीळ असलेल्या 240 लोकांवर एक अभ्यास झाला, तो 2011 साली छापून आला. काहींनी घरी 50 टक्क्यांचं सॅलिसिलिक ॲसिड लावलं, काहींची द्रव नायट्रोजनने गोठवली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे पूर्ण बरे झालेले साधारण 14 टक्केच होते. चामखीळ एवढी चिवट असते. पण त्यातून हेही कळतं की गोठवून घेण्यासाठी गावाहून फेऱ्या मारणाऱ्याला घरच्या औषधापेक्षा जास्त गुण आला नव्हता. आधी बाटली नेटाने वापरून पाहा. लहान मुलांची चामखीळ पुष्कळदा दोन वर्षांत आपोआपही जाते, तिथे दुखत नसेल तर घाई नको.

कोणी वापरू नये हेही लिहितो. शुगर असलेल्यांनी हे औषध, कॉर्न कॅप, काहीच मनाने लावू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते. ज्याचा पाय सुन्न आहे, टोचलेलं कळत नाही, त्याने तर आधी डॉक्टरांकडेच जावं. वरोऱ्याचं आनंदवन आमच्यापासून लांब नाही, सुन्न पायाकडे दुर्लक्ष केल्याने काय होतं हे आमच्या भागाला सांगायला नको. गाठीतून आपोआप रक्त येत असेल, रंग बदलत असेल किंवा ती भराभर वाढत असेल तरीही घरी काही करू नका. सेवाग्रामच्या दवाखान्यात त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवा.

बाटली घेताना दुकानातच हलवून पाहा. आतलं औषध पाण्यासारखं हललं पाहिजे. जुन्या किंवा सैल झाकणाच्या बाटलीतला इथर उडून गेलेला असतो, औषध गोंदासारखं घट्ट होतं, ब्रशला तार सुटते आणि पापुद्रा नीट धरत नाही. मला पहिली बाटली तशीच मिळाली, दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला आणि दुसरी मी हिंगणघाटहून आणली. घरी आणल्यावर प्रत्येक वेळी बाटलीच्या तोंडावरचा चिकटा पुसून झाकण घट्ट लावा, म्हणजे एक बाटली पूर्ण उपचाराला पुरते.