इलेक्ट्रॉनिक इअरमफ: यंत्र टिकलं, गादी गेली

दिवाळीनंतर इअरमफ घेतला, म्हणजे बंदुकीच्या आवाजापासून वाचायला दोन्ही कानांवर चढवायच्या वाट्या. त्याची कानाभोवती टेकणारी गादी मे महिन्यात फाटली. त्यावरून कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांशी असं वाजलं की फोनवरसुद्धा मफ घालावा लागला असता. एक स्टार देऊन मोकळा होणार होतो, पण पुढे मत बदललं. म्हणून हे लांबण.

मी जळगावजवळच्या एका नेमबाजी क्लबच्या रेंजवर रविवारी देखरेखीला असतो. नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत झाली, त्यामुळे कानाला साधा मफ लावायची सवय जुनीच. साध्या मफचा त्रास एकच, माणसाचं बोलणंही बंद होतं. पोरं .22 ची छोटी रायफल मारतात, लायसनच्या प्रशिक्षणाला येणारे 12 बोअर, म्हणजे छर्ऱ्याची मोठी बंदूक, घेऊन येतात. त्यातला एखादा भरलेली बंदूक हातात धरून मागे वळतो आणि विचारतो, "काय म्हणले आप्पा?" मफ काढून उत्तर द्यावं तर शेजारच्या लेनवर बार. म्हणून या इलेक्ट्रॉनिक मफला सात हजार घातले.

आवाजाचं काम उत्तम आहे, त्यावर फार लिहीत नाही. बाहेरचा माइक बोलणं आत आणतो, आणि आवाज 82 डेसिबलच्या वर गेला की स्पीकर तो पुढे जाऊ देत नाही. पोरं विचारतात, "आप्पा, सेल संपले तर कान गेले का?" नाही रे भो. कान वाचवते ती वाटी, तिच्यातला फोम आणि कडेची गादी. सेल संपले की तो साधा मफ होतो, एवढंच. म्हणून मी या गादीच्या मागे लागलोय. इलेक्ट्रॉनिक्स कितीही भारी असू द्या, कडेला फट पडली की बार सरळ आत. .22 चा आवाज कानाशी 140 डेसिबलच्या आसपास जातो, 12 बोअरचा 150 च्या वर. एवढा आवाज एका दणक्यात कायमचं नुकसान करू शकतो.

तर गादी. आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे 44-45 अंश, त्यात पत्र्याची शेड आणि कानशिलावरून वाहणारा घाम. वरचं रेक्झिन आधी कडक झालं, मग भेगा पडल्या. घरी आल्यावर बायकोने मानेवर चिकटलेले काळे तुकडे दाखवले. फोन लावला. "सर, गादी कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत बसत नाही." बरं, विकत द्या. "सुटी येत नाही सर. नवीन युनिटवर दहा टक्के सूट देऊ शकतो." म्हणजे टायर पंक्चर झाला तर नवी मोटरसायकल घ्या! गादी घामाने जाणारच, ती वर्षभरात बदलायचीच वस्तू आहे, हे मला मान्य आहे. पण मग ती विका तरी.

क्लबमधल्या एकाने भुसावळला सीटकव्हरवाल्याकडून गादीवर नवं रेक्झिन शिवून घेतलं. दिसायला झकास. मी टेबलफॅनपुढे तपासलं, ही युक्ती फुकटची आहे, करून बघा. मफ बंद ठेवून घालायचा, फॅन चालू करायचा, दोन्ही वाट्या हाताने डोक्याकडे दाबायच्या. दाबल्यावर फॅनचा आवाज आणखी कमी झाला तर समजा गादी नीट बसत नाही. त्याच्या मफमध्ये शिलाईच्या चुण्यांतून फॅन चांगला घरघरत होता.

माझ्या मफमध्येही चष्मा घातला की घरघर यायची. खोक्यावर 22 डेसिबल आवाज कमी करतो असं लिहिलंय, तो आकडा लॅबमधला. चष्म्याच्या जाड काडीने गादी उचलली जाते आणि त्यातले काही डेसिबल तिथेच सांडतात. रेंजपुरता बारीक तारेच्या काडीचा जुना चष्मा काढला, फरक लगेच कळला.

शेवटी दुसऱ्या कंपनीची, याच मॉडेलला बसणारी जेलची गादी ऑनलाइन मिळाली. दीड हजार गेले, जिवावर आलं. जुनी गादी कडेला नख घालून ओढली की निघते, नवी दाबली की टक् करून बसते. आणि खरं सांगतो, नवा होता तेव्हापेक्षा मफ आता चांगला आहे. जेल चष्म्याच्या काडीभोवती बसतं, फॅन दाबूनही तेवढाच आणि न दाबताही तेवढाच. यंत्रावर मी उगाच चिडलो होतो, कंपनीने मूळ गादीच हलकी दिली होती. एकाचे चार स्टार केले. पाचवा सर्व्हिसवाल्यांनी खाल्ला.

दुसरं मत सेलबाबत बदललं. चार तासांनी मफ आपोआप बंद होतो, याचा आधी वैताग यायचा. पण पोरं मफ चालूच टाकून जातात, तेव्हा सेल वाचतात तेही त्यामुळेच. रिमोटचे बारीक दोन सेल लागतात. दहा-दहा रुपयांचे घालू नका आणि पावसाळ्यात रेंज बंद असेल तर काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळून पत्तीवर पांढरं साचलं तर कापसाच्या काडीवर लिंबाचा थेंब घ्या, पुसा, कोरडं करा. स्वस्तातल्या साध्या सेलचं गळणं आम्लधर्मी असतं, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी. पत्तीच तुटली असेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये डाग मारून मिळतो. गादी साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची, स्पिरिट लावायचं नाही. उन्हाळी वाऱ्यात माइक खरखरतो, त्यावरची स्पंजची टोपी हरवू देऊ नका.

12 बोअरच्या दिवशी मी आत फोमचे इअरप्लग घालतो आणि मफचा आवाज वाढवतो. बोलणं ऐकू येतं आणि कानही सुरक्षित राहतो. दोन्हींची बेरीज होते असं समजू नका, वर पाचेक डेसिबलच पदरात पडतात, पण पत्र्याखाली तेही हवेत.

पोरांच्या आईबापांना एक सांगणं. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत खेळाडूला रिसीव्हर असलेला, म्हणजे असा आवाज आत आणणारा, मफ चालत नाही, त्यामुळे स्पर्धेसाठी हा घेऊन देऊ नका, साधा चांगला मफ पुरतो. कोच असाल किंवा रेंजवर उभे राहत असाल तर घ्या, पण पैसे देण्याआधी दुकानदाराला सुटी गादी मिळते का हे विचारा, आणि "हो" म्हणाला तर तिथल्या तिथे एक जोडी बिलात घालायला लावा.