दिवाळीआधी काय घ्यावं: ट्रायपॉड की ५० एमएमची लेन्स?

नव्या कॅमेऱ्याबरोबर बहुतेकांकडे १८-५५ एमएमची किट लेन्स येते (एमएमचा आकडा लहान, तितकं दृश्य रुंद). दिवाळी तोंडावर असते, रात्रीचे आणि आतषबाजीचे फोटो शिकायची हौस असते, आणि खिशात एकाच वस्तूपुरते पैसे असतात. कोणी सांगतं ट्रायपॉड घे, कोणी म्हणतं एफ/१.८ची ५० एमएम घे, अंधारात कमाल करते. दोन्ही सल्ले खरे आहेत, पण वेगवेगळ्या फोटोंसाठी.

लेन्सचा हिशेब आधी. किट लेन्स ५५ एमएमपर्यंत झूम केली की तिचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, एफ/५.६च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं भोक मोठं). एफ/१.८ तिच्यापेक्षा नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे शटर (सेन्सरवर प्रकाश पडू देणारा पडदा) १/१० सेकंदावर अडतं आणि चेहरा हलतो, तिथे १/१०० मिळतं. फुलबाजी धरलेलं पोर, रांगोळीवर वाकलेली आई, पणत्या लावणारी आजी, हे सगळे हलणारच. त्यांच्यासाठी ट्रायपॉडचा काही उपयोग नाही; तो कॅमेरा स्थिर ठेवतो, माणसं नाही. अडचण एवढीच की साध्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ५० एमएमचं दृश्य ७५-८० एमएमइतकं अरुंद होतं. आपल्या वन-बीएचकेच्या हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकते तरी सगळे फ्रेममध्ये मावत नाहीत. घरातलेच फोटो काढायचे असतील तर ३५ एमएम एफ/१.८ बघा.

आता आतषबाजी. इथे बहुतेक नवशिक्यांचा समज उलटा असतो: अंधार आहे, म्हणजे जास्त प्रकाश घेणारी लेन्स हवी. पण आकाशात फुटणाऱ्या शॉटची ठिणगी स्वतः भयंकर प्रखर असते आणि ती सतत सरकत असते. सेन्सरच्या एखाद्या बिंदूवर ती क्षणभरच असते, म्हणून शटर दोन सेकंद उघडं ठेवा की आठ, त्या रेषेचा उजेड तोच राहतो. तो ठरतो ॲपर्चर आणि आयएसओवर (आयएसओ म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला आहे तो आकडा). शटर लांबवल्याने फक्त जास्त शॉट एका फ्रेममध्ये येतात, मागच्या इमारती उजळतात आणि धूरही साठतो. एफ/१.८ ठेवलंत तर स्ट्रॉन्शियमचा लाल आणि तांब्याचा निळा, दोन्ही जळून पांढरे होतात. हवं असतं आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, शटर दोन ते चार सेकंद. हे सगळं किट लेन्सला सहज जमतं. दोन-चार सेकंद कॅमेरा हातात स्थिर धरणं मात्र कोणालाच जमत नाही.

म्हणून आतषबाजीच शिकायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ट्रायपॉड. गच्चीच्या कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून कॅमेरा टेकवता येतो, हे खरं. रस्त्यावरच्या रोषणाईला तेवढं पुरतं. पण आकाशाकडे तिरका धरायचा झाला की पिशवी घसरते आणि चौकट दर वेळी बदलते. ट्रायपॉड घेताना उंचीपेक्षा वजन बघा. मधला दांडा वर काढू नका; मरीन ड्राइव्हसारख्या वाऱ्याच्या जागी तोच आधी थरथरतो. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शनही (लांब शटरच्या फोटोतले दाणे पुसणारी सोय) बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून राहतो आणि पुढचा शॉट हुकतो.

फोकस लांबच्या दिव्यावर धरा आणि मॅन्युअलवर टाका. मिररलेसच्या (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) बऱ्याच लेन्समध्ये कॅमेरा बंद झाला की हा फोकस हलतो, तेव्हा चालू केल्यावर पुन्हा तपासा.

वेळेचंही बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली. मुंबईत त्या दिवसांत सूर्यास्त सहाच्या आसपास होतो, म्हणजे निळं आकाश फटाक्यांना मिळत नाही. ते निळं आकाश, म्हणजे सूर्यास्तानंतरचा अर्धा तास, आकाशकंदिलांसाठी ठेवा. त्या वेळी दोन्ही वस्तू चालतात, आणि शिकायला याहून चांगला अर्धा तास दिवसभरात नाही. आठनंतर पहिल्या काही शॉट्सना हवा स्वच्छ असते, त्यामुळे तयारी आधीच हवी. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, म्हणजे धूर तुमच्याकडे येणार नाही.

फोनचा नाइट मोड पणत्यांच्या ओळींना छान आहे. आतषबाजीत तो अनेक फ्रेम जोडताना गोंधळतो. प्रो मोडमध्ये शटर स्वतः ठरवलं तरच काही हाती लागतं, आणि तेव्हा फोनलाही आधार लागतोच.

तर घरची माणसं हा तुमचा विषय असेल तर लेन्स, आकाश असेल तर ट्रायपॉड. अजून ठरत नसेल तर ट्रायपॉडच घ्या, कारण एकच चौकट ठेवून ॲपर्चर, शटर, आयएसओ एकेक बदलत गेलं की कशाने काय होतं ते डोळ्यांना दिसतं. लेन्स घ्यायची ठरली आणि कॅमेरा निकॉनचा डी३५०० किंवा डी५६०० असेल, तर दुकानात एक गोष्ट नक्की विचारा: या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या ५० एमएम एफ/१.८डी लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही. एएफ-एस लिहिलेली मागा, तिच्यात मोटर लेन्समध्येच असते.

दिवाळीत हात बसला नाही तर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा आहेच. कोल्हापूरला पंचगंगा घाटावर पहाटे दिवे लागतात, गोव्यात साखळीला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात. घाटाच्या पायऱ्यांवर ट्रायपॉडचा एक पाय आखूड करून वरच्या पायरीवर ठेवायचा, आणि गर्दी वाढायच्या आत जागा धरायची.