ब्रासचा क्वार्टर टर्न अँगल कॉक, ३ महिने वापरून झाल्यावर

आमच्याकडे वाघोलीत उन्हाळा म्हणजे टँकर. आणि नेमका तेव्हाच संडासातल्या फ्लश टँकचा अँगल कॉक (भिंतीतून टँककडे येणारं पाणी बंद-चालू करायचा छोटा नळ) ठिबकायला लागला. खाली मग्गा ठेवून बघितलं तर ४० मिनिटांत एक लिटर, म्हणजे दिवसाला ३६ लिटर विकतचं पाणी गटारात, रात्री तो टपटप आवाज ऐकून झोप लागायची नाही मला.

जुना कॉक प्लास्टिकचा होता, दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून गच्च झालेला, जोर लावून फिरवला तर दांड्याच्या मुळातूनच पाणी यायला लागलं. प्लंबरने नट आवळून दिला, पंधरा दिवसांत परत तेच.

मग ब्रासचा आणला, अर्धा इंची, आत सिरॅमिक डिस्कवाला, ४८० रुपये. हातात घेतला की वजनातच फरक कळतो. आत घासून झिजणारा रबरी वायसर नाही, दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि पाव फेऱ्यात पाणी बंद.

बसवला घरीच. गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला, फ्लश करून टँक रिकामा केला, खाली बादली ठेवली आणि कॉकपासून टँककडे जाणारा कनेक्शन पाइप सोडला. खरी भीती पुढे, जुना कॉक काढताना असते. भिंतीच्या आत सीपीव्हीसीचा एल्बो, म्हणजे प्लास्टिक पाइपचा वाकडा जोड असतो, पान्याने हिसका दिला आणि तो तडकला तर टाइल्स फोडायची वेळ येते, म्हणून हळूहळू, थोडं थोडं करत सोडवा, घाई अजिबात करू नका. आतल्या आट्यांत जुनी टेफलॉन टेप (गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी पट्टी) अडकलेली असते ती जुन्या टूथब्रशने साफ केली.

पहिल्यांदा मी टेपचे ८ वेढे दिले, कॉक घट्ट झाला पण तोंड वर यायच्या ऐवजी थोडं पुढे गेलं, मग पाव इंच मागे फिरवला आणि लगेच पाझर सुरू. असा मागे घेतलेला कॉक बहुतेक वेळा गळतोच, पूर्ण काढून टेप नवीन लावावी लागते. दुसऱ्यांदा १२ वेढे दिले, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने, आणि तोंड बरोबर वर आल्यावर थांबलो. कनेक्शन पाइपला टेप लागत नाही, तिथे रबरी वायसर काम करतो, तो मात्र नवा टाका. टँकच्या बाजूचा प्लास्टिक नट हातानेच आवळा, पाना लावलात तर आटे जातात.

तक्रारी आहेत दोन. खटका छोटा आहे, ओल्या हाताने निसटतो, आईला तर दोन्ही हात लावावे लागतात. आणि सोबतची फ्लँज, म्हणजे कॉकमागे भिंतीला टेकणारी गोल चकती, अगदी पातळ, भिंतीला नीट टेकत नाही, हलते. क्रोमवर पांढरे डाग पडतात पण ते आमच्या पाण्यामुळे, कोरड्या फडक्याने पुसलं की जातात.

बाकी ३ महिन्यांत एक थेंब नाही, खाली ठेवलेला पेपर कोरडा. महिन्यातून एकदा बंद-चालू करून ठेवतो म्हणजे क्षाराने अडकणार नाही. गीझरसाठी अजून दोन असेच आणलेत, येत्या रविवारी बसवतोय.