पहिली रीफ टाकी: तीन कप्प्यांची पेटी आणि तिच्यासोबतचं सामान

खाऱ्या पाण्याची, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवण्याची, पहिली टाकी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पैसे आधी दिव्यावर जातात, मग माशांवर, आणि उरलेच तर पाण्यावर. टाकी बिघडते ती मात्र नेमकी याच्या उलट क्रमाने. म्हणून या परीक्षणात दिव्याला थोडी जागा आहे आणि पाण्याला जास्त. नमुना म्हणून घेतली आहे आपल्याकडे कुठलाही चांगला काचवाला बनवून देतो ती मागे तीन कप्पे असलेली पेटी: ६० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच. ४० सेंमीपर्यंत भरली तर १०८ लिटर होतात. दगड, वाळू आणि मागच्या कप्प्यांची कमी पातळी वजा केली की प्रत्यक्ष पाणी ९५ लिटरच्या आसपास. पुढचे सगळे आकडे या ९५ लिटरवरचे आहेत.

खाली वेगळा संप (स्टँडमधली गाळणीची दुसरी टाकी) असलेल्या टाकीपेक्षा ही पेटी पहिल्यांदा घेणाऱ्याला बरी, आणि कारण आपल्या विजेत आहे. लाइट गेली की संपवाल्या टाकीचं पाणी खाली उतरतं. पाइपचं गणित चुकलं असेल, तर ते थेट फरशीवर येतं. पेटीत पाणी पुढच्या भागातून मागच्या कप्प्यात सरकतं आणि तिथेच थांबतं. काच १० मिमीची घ्या. रिकामी पेटी ३० किलोच्या आसपास भरते, आणि पाणी, दगड, वाळू धरून १४० किलोंवर जाते. स्टँड एमडीएफचा अजिबात नको, खारं पाणी दोन-चारदा सांडलं की तो पावासारखा फुगतो. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय किंवा पावडर कोटिंग केलेली लोखंडी चौकट चालते. पेटीखाली थर्माकोलची शीट घालायला काचवाला सांगतोच, त्याचं ऐका. सिलिकोन मात्र बुरशीनाशक घातलेलं, बाथरूमसाठी मिळतं तसलं, नाही ना हे आपण विचारून घ्यावं.

काचवाले हमखास चुकतात ते तिसऱ्या कप्प्यात, जिथे पाणी परत पुढे फेकणारा पंप बसतो. बाष्पीभवनाने पुढची पातळी हलत नाही, कमी होतं ते फक्त या शेवटच्या कप्प्यातलं पाणी. रिवाज म्हणून तो कप्पा १२ बाय १० सेंमीचा कापतात, म्हणजे क्षेत्रफळ १२० चौरस सेंमी. पंखा लावलेल्या उघड्या टाकीतून दिवसाला ३ लिटर पाणी सहज उडतं. ३००० भागिले १२०: पातळी एका दिवसात २५ सेंमी खाली. सकाळी कप्पा भरला तरी रात्री पंप कोरडा घरघरतो. हाच कप्पा २० बाय १५ चा मागितला, तर घट १० सेंमीवर येते. काच कापण्याआधी कागदावर हे माप लिहून द्या. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

तरीही रोज हाताने पाणी भरण्यावर टाकी चालवू नये. ३ लिटर उडाले की ३५ ची क्षारता (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) ३६ च्या वर जाते, तुम्ही भरलंत की परत ३५. रोजची ही वर-खाली मासे सोसतात, प्रवाळ आक्रसतात. इथे स्वयंचलित भरणी लागते, आणि या एका वस्तूवर कंजुषी करू नये. ट्युन्झेचा ऑस्मोलेटर ३१५५ महाग आहे, पण जुनं आणि विचार करून केलेलं काम आहे. एक प्रकाशीय सेन्सर पातळी सांभाळतो, त्याच्या वर दुसरा फ्लोट जास्त भरलं तर पंप तोडतो, आणि पंप सलग १० मिनिटं चालत राहिला तर यंत्र स्वतःहून थांबून ओरडतं. स्वस्त यंत्रांत बहुधा एकच फ्लोट असतो. त्यावर गोगलगाय बसली की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. ते घ्यायचंच असेल, तर गोड्या पाण्याची टाकी १० लिटरपेक्षा मोठी ठेवू नका. सगळं पाणी चुकून आत गेलं, तरी क्षारता ३२ च्या जवळ थांबेल, मासे वाचतील. आणखी दोन गोष्टी यंत्र कितीही भारी असलं तरी तुम्हालाच पाहाव्या लागतात: नळीचं तोंड पाण्याच्या वर लटकतं हवं, बुडालेलं नको, आणि राखीव पाण्याची पातळी त्या तोंडापेक्षा खाली हवी. नाहीतर पंप बंद झाल्यावरही सायफन चालूच राहतो.

थंडाव्याचा प्रश्न गावागणिक बदलतो. टाकीला २५ ते २६ अंश हवेत, २८ पर्यंत चालतं. १ लिटर पाणी उडताना सुमारे ६७० वॅट-तास उष्णता घेऊन जातं, म्हणजे ३ लिटरला दिवसभराचा सरासरी ८० वॅटचा थंडावा फुकटात. पण पाणी उडायला हवा कोरडी लागते. सोपा नियम असा, की ज्या गावात कूलर चालतो, तिथे टाकीवरचा पंखा चालतो. नागपूर, अकोला, संभाजीनगर इथे मे महिन्यातसुद्धा १२ व्होल्टचे दोन पंखे बरंच काम करतात. पुणे-नाशिकला उन्हाळा निघतो. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे दमट हवेत पंखा एखाद-दुसरा अंश उतरवतो आणि थकतो. तिथे चिलरचे पैसे पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा, नाहीतर खोलीचा एसी दिवसभर चालेल का, ते घरच्यांशी आधी ठरवा. एवढ्या टाकीला एकदशांश एचपीचा चिलर पुरतो. तो स्टँडच्या बंद कपाटात मात्र कोंबू नये. स्वतःचीच गरम हवा परत ओढत तो बंदच होत नाही, वीज खातो आणि पाणी गरमच राहतं. उलट पुण्याच्या जानेवारीत १०० वॅटचा हीटर लागेल. हीटरचा आतला थर्मोस्टॅट चिकटून चालू राहणं हा जुना रोग आहे, तेव्हा मध्ये वेगळा तापमान-कंट्रोलर हवाच.

आता पाण्याचा उगम. आठवड्याला भरणीचं २१ लिटर आणि दहा टक्के बदलाचं १० लिटर, म्हणजे ३० लिटरहून अधिक शुद्ध पाणी लागतं. "घरी आरओ आहे की!" हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. घरचा आरओ उपयोगी पडतो, पण जसाच्या तसा नाही. त्यात मेम्ब्रेननंतर (क्षार अडवणाऱ्या गाळणीनंतर) टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ठरवणारा कंट्रोलर असतो, एक छोटा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह, जो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काही मशीनमध्ये वर मिनरल कार्ट्रिजही असतं. म्हणून नळाला ४०० टीडीएस असताना ग्लासात ८० येतात. नुसत्या मेम्ब्रेनमधून तेच पाणी १५-२० वर येतं. तेव्हा मेम्ब्रेनच्या लगेच पुढे, कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी, टी-जोड देऊन वेगळी नळी काढा आणि तिच्यावर उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या, रंग बदलणाऱ्या डीआय रेझिनचं कार्ट्रिज बसवा. बाहेर पडणारं पाणी टीडीएस मीटरवर शून्य दाखवायला हवं. १ नाही, २ नाही. रेझिनचा रंग फिरला की ते बदला. या जोडणीला सर्व्हिसवाल्याची अर्धा तासाची मजुरी लागते आणि निम्मी शेवाळं टळतात, कारण नळाच्या पाण्यातलं सिलिकेट, नायट्रेट आणि फॉस्फेट आत येतच नाही. बोअरवेल असेल तर रेझिन लवकर संपेल, तो खर्च धरून चला.

मीठ घेताना डब्यावरचा 'प्रो' पाहून भुलू नये. रेड सी कंपनीचं कोरल प्रो मीठ कार्बोनेट कठिणतेत (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) १२ डीकेएचच्या आसपास येतं. भराभर वाढणाऱ्या कठीण प्रवाळांसाठी ते ठीक, आपल्या टाकीला त्याच कंपनीचं साधं निळ्या डब्यातलं, सुमारे ८ चं मीठ जास्त जुळतं. मीठ नेहमी पाण्यात घालायचं, मिठावर पाणी नाही. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅमपासून सुरुवात करून मोजत जायचं. डबा वापरण्याआधी आडवा करून लोळवा, कारण प्रवासात लहान-मोठे कण वेगळे होऊन थर बसतात. पावसाळ्यात आतली पिशवी पिळून केबल टायने बांधा. दगड झालेलं मीठ विरघळलं तरी त्याची कठिणता कमी भरते, आणि दोष मग टेस्ट किटला दिला जातो.

क्षारता मोजायला प्लास्टिकचा काट्याचा हायड्रोमीटर नको, काट्याला बुडबुडा चिकटला की तो खोटं बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पण तो फक्त आरओच्या पाण्यावर शून्य करून थांबू नका. खरी तपासणी ३५ च्या द्रावणाने होते, आणि ते घरी करता येतं: ३६.५ ग्रॅम स्वयंपाकाचं साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शून्य टीडीएसचं पाणी. हे द्रावण ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्याइतकाच प्रकाश वाकवतं. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपेक्षा बारीक दाखवत नसेल, तर सोनारकाम्यांचा छोटा काटा वापरा, तो पुढे नवसागर मोजायलाही लागेल. कठिणतेसाठी हॅना कंपनीचा एचआय ७७२ मीटर हातात धरून वापरायला सुटसुटीत. १ मिलिलिटर द्रावण घातलं की आकडा पडद्यावर येतो, रंग जुळवत बसावं लागत नाही. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला, तर आकडा बिनधास्त चुकतो, एवढं लक्षात असू द्या. नायट्रेट-फॉस्फेटला सॅलिफर्टचं टेस्ट किट पुरे. दोन्ही शून्यावर आणायच्या नादाला लागू नका. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा. पूर्ण उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांची तपकिरी, बुडबुड्यांची लाळ पसरते आणि ती शेवाळापेक्षा कितीतरी चिवट असते.

दगडाच्या बाबतीत कायदा आधी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण, रीफ बांधणारे प्रवाळ येतात. काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन-पाइप आणि समुद्रपंखेही येतात. त्यामुळे 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा प्रवाळाचा सांगाडा घेणं हीच भानगड, आणि मालवणच्या खडपातून तुकडा उचलून आणणं तर थेट गुन्हा. बनवलेला कोरडा सच्छिद्र दगड ८-९ किलो आणि १-२ मिमीची अ‍ॅरागोनाइट वाळू साडेसहा किलो, म्हणजे अडीच सेंमीचा थर, एवढं पुरतं. दगड आधी काचेवर टेकवा आणि मग वाळू घाला. वाळूवर ठेवलेला दगड खणणाऱ्या गोबी माशाने पोखरला की काचेवर येऊन आदळतो. टाकीत ठेवण्याचे जीवही याच कायद्याच्या चौकटीत निवडायचे: झोअँथस, मशरूम, लेदर, झेनिया असे मऊ प्रवाळ. पहिल्या टाकीला तसेही तेच सोसतात. परदेशी प्रजाती साइट्स (CITES, दुर्मीळ जीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) च्या यादीतली असेल, तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या.

दिव्याचं एवढंच: मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो. एआय (अ‍ॅक्वा इल्युमिनेशन) कंपनीचा प्राइम १६ एचडी एकच दिवा या पेटीला हवा त्याहून जास्त आहे. पहिले दोन आठवडे २५ टक्क्यांवर, रोज आठ तास, मग हळूहळू वाढवत न्या. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पहिले सहा महिने टाळला तरी चालतं, आठवड्याचा पाणीबदल चुकला नाही तर. वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप, ताशी २००० लिटरचा घ्या. विकत घेताना पंख्याची कांडी ओढून बघा. ती स्टीलची असेल तर परत ठेवा, खाऱ्या पाण्यात गंजते. सिरॅमिकची हवी.

पंप २४ व्होल्ट डीसीचेच घ्या, इन्व्हर्टरवर ते शांत चालतात. साध्या एसी पंपांना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर सोसत नाही, ते तापतात आणि गुणगुणतात. वेव्हमेकर आणि परतीचा पंप मिळून २५ वॅट धरले, इन्व्हर्टरची स्वतःची भूक १५-२० वॅट धरली, तर १५० एएच बॅटरीवर टाकी वीसेक तास श्वास घेते. अर्थात त्याच इन्व्हर्टरवर घरातले तीन पंखे नसतील तर. दिवा आणि चिलर त्यावर जोडू नका. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग याशिवाय टाकीत हात घालू नये. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटात न शिरता खाली टपकतं.

टाकी पिकवायला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायला, मेलेला मासा किंवा कोळंबी टाकण्याची गरज नाही. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागरच, ०.६ ग्रॅम घातला की ९५ लिटरमध्ये अमोनिया २ पीपीएम होतो. कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा आणा. सोबत फ्रिट्झ किंवा डॉ. टिम्सच्या जिवाणूंची बाटली घाला, पण ती दुकानात उन्हात ठेवलेली नव्हती ना, ते पाहून. २ पीपीएम चोवीस तासांत शून्य झाला की टाकी तयार. तीन ते सहा आठवडे धरा. मग आधी वाळूवर डायटम या सूक्ष्म शेवाळाची तपकिरी धूळ येईल, तिच्यामागे हिरवे केस. दोन्ही येणारच, औषध घालू नका, गोगलगायी घाला. ओसेलॅरिस क्लाउन माशांची जोडी एकदम सोडा, महिन्याने एक वॉचमन गोबी. निळा टँग मासा कितीही छोटा दाखवला तरी ६० सेंमीत नको. नवा मासा आधी वेगळ्या डब्यात ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस रिकामी ठेवावी लागते, कारण तांब्याचं औषध तिथे घातलं की प्रवाळ आणि गोगलगायी दोन्ही जातात.