‘संपूर्ण आहार’ म्हणून विकलेली बरणी आणि आमचा इग्वाना

मागच्या पावसाळ्यात आम्ही ठाण्यातील एका दुकानातून हिरव्या इग्वानाचे, म्हणजे एका मोठ्या परदेशी सरड्याचे, काही महिन्यांचे पिल्लू घरी आणले. माझ्या मुलाने त्याचे नाव पाचू ठेवले. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्याची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते. ती कागदपत्रे दुकानदाराने चोख करून दिली, आणि नेमक्या त्याच कारणाने पुढे त्याने जे जे सांगितले त्यावर आमचा विश्वास बसला.

त्याने पिल्लासोबत दोन वस्तू दिल्या. एक होती ‘इग्वाना संपूर्ण आहार’ असे लेबल लावलेली हिरवट दाण्यांची बरणी, किंमत साडेसहाशे रुपये. दुसरा होता ‘यूव्हीबी’ (उन्हात असणाऱ्या अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारा म्हणून दिलेला निळसर दिवा, दोन हजार आठशे रुपयांचा. “ताई, भाजी निवडत बसायची गरज नाही. दाणे भिजवून घाला, वर थोडा पालक द्या, आठवड्यातून एकदा उकडलेले अंडे. सगळे यातच आले,” असे तो म्हणाला होता आणि आम्ही ते अक्षरशः पाळले.

पाचू चार महिन्यांत अंगाने भरला. त्याच्या मागच्या मांड्या जाडजूड झाल्या, तेव्हा मी कौतुकाने दुकानदाराला फोटो पाठवला आणि त्यानेही “तब्येत उत्तम आहे” असेच कळवले. नंतर त्याच्या पायाची बोटे थरथरू लागली, फांदीवर चढताना तो घसरू लागला, आणि एके दिवशी त्याची हनुवटी पुसताना जबड्याचे हाड माझ्या बोटाखाली रबरासारखे दबले.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्यात हाडे आजूबाजूच्या मांसापासून जेमतेम वेगळी दिसत होती, इतका कॅल्शियम त्यांतून निघून गेला होता. ज्या मांड्यांचे मी कौतुक करत होते त्या हाडे मऊ पडल्यामुळे सुजल्या होत्या, कारण कमकुवत हाडाला आधार म्हणून शरीर त्याभोवती तंतुमय ऊतक वाढवते. नव्याने इग्वाना पाळणाऱ्यांनी ही खूण विशेष लक्षात ठेवावी, कारण ती पाहून काळजी वाटण्याऐवजी आनंदच होतो.

डॉक्टरांनी सांगितलेले मी थोडक्यात देते. हिरवा इग्वाना जन्मभर पाला खाणारा प्राणी आहे. मांस, मासे, अंडी यांतील प्रथिनांचा भार त्याच्या मूत्रपिंडांवर पडतो. त्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवा. पालकात कॅल्शियम असला तरी त्यातील ऑक्झॅलेट हा घटक तो कॅल्शियम बांधून ठेवतो, म्हणून रोजच्या खाण्यात पालक चालत नाही, आणि राजगिरा, चुका यांचेही तसेच. शिवाय खाल्लेला कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते, ते कातडीत तयार व्हायला यूव्हीबी किरण लागतात, आणि खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येत नाहीत.

घरी आल्यावर मुलाने ती बरणी पुरावा म्हणून जपायची ठरवली आणि बाहेरची चिकट धूळ धुण्यासाठी ती नळाखाली धरली. लेबलाचा कोपरा भिजून सुटला, आणि त्याखाली दुसरे, छापील लेबल निघाले. त्यावर कासवाचे चित्र होते आणि घटकांत पहिले नाव ‘फिश मील’ होते. म्हणजे पाल्यावर जगणाऱ्या प्राण्याला आम्ही सहा महिने माशांचा भुगा भरवत होतो. तेच कासवाचे खाद्य तेव्हा बाजारात १४० रुपयांना मिळत होते. दिव्याच्या खोक्यावर तरंगलांबीचा उल्लेखच नव्हता. डॉक्टरांनी मीटर धरून पाहिले तेव्हा यूव्हीबीचा आकडा शून्य आला.

दुकानदाराने आधी “माल वरूनच असा आला” असे सांगितले, मग फोन उचलणे बंद केले. पावती आम्ही मागितलीच नव्हती, ही आमची चूक; पण पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद, त्याचे संदेश आणि दोन्ही लेबले हाती असल्याने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता आली.

तुम्ही असे खाद्य घेणार असाल तर बरणीवर उत्पादकाचे नाव, घटक, बॅच आणि तारीख छापलेली आहे का ते पाहा, आणि वर चिकटवलेले लेबल असेल तर ते दुकानातच नखाने उचकटून बघा. खरे तर बरणीची गरजच पडत नाही. पाचूला आता मुळ्याचा आणि मोहरीचा पाला, शेवग्याची व तुतीची पाने, जास्वंदीची पाने-फुले, किसलेला लाल भोपळा आणि कधीतरी पपईची फोड असे सगळे बारीक चिरून रोज सकाळी मिळते, वर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात कॅल्शियमची पूड. यूव्हीबीची नळी डॉक्टरांकडून तपासून घेतली आहे. बोटांची थरथर थांबली आहे, तो पुन्हा फांदीवर चढतो. जबडा मात्र डावीकडे वाकडाच राहिला आहे आणि मूत्रपिंडांची तपासणी दर तीन महिन्यांनी करावी लागते.